दात भरून घेण्यापूर्वी : चांदी, सफेद मसाला आणि सिमेंट यांतून निवड कशी करावी

दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड उघडून बसल्यावर, अर्धा जबडा बधिर झालेला असताना, "चांदी भरू की सफेद?" हा प्रश्न कानावर येतो आणि बहुतेक माणसे "डॉक्टर, तुम्हीच बघा" किंवा "जे जास्त टिकेल ते भरा" असे सांगून मोकळी होतात. दंतवैद्य म्हणून कामाची बरीच वर्षे हा प्रश्न मी स्वतः विचारला आहे. रुग्णाने त्याचे उत्तर समजून-उमजून द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण भरलेल्या दाढेने पुढची कित्येक वर्षे जेवायचे आहे ते त्याला. त्यासाठी पदार्थांची नावे पाठ असण्याची गरज नाही. खड्डा नेमका कुठे आहे, किती खोल आहे, ती जागा काम होईपर्यंत कोरडी ठेवता येईल का आणि रुग्णाच्या सवयी काय आहेत, या चार गोष्टी कळल्या की पदार्थ जवळपास आपोआप ठरतो. रंग आणि दर यांचा विचार त्यानंतर करावा.

आधी खड्डा समजून घ्या

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याखालचे डेंटिन तुलनेने मऊ असते आणि त्याच्याही आत, आपण बोलताना जिला नस म्हणतो, तो रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा नाजूक गाभा असतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवत जाते. मात्र एकदा डेंटिन लागले की कीड आडवी पसरू लागते. म्हणूनच आरशात मोहरीएवढा काळा ठिपका दिसत असतो आणि कोरायला घेतल्यावर आत हरभऱ्याएवढी पोकळी निघते. पुष्कळांना वाटते की डॉक्टरांनी उगाच मोठा खड्डा केला. खरे तर तो आधीपासूनच तेवढा असतो, फक्त वर इनॅमलचे छप्पर शाबूत असल्यामुळे दिसत नाही.

दुखण्याची तऱ्हा नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. थंड पाणी लागल्यावर दाढ क्षणभर शिवशिवते आणि लगेच शांत होते, असे असेल तर बहुधा भरण्यावर भागते. गरम चहाने सुरू झालेला ठणका कितीतरी मिनिटे टिकत असेल, रात्री आडवे पडल्यावर वाढत असेल किंवा कारण नसताना कळ कानापर्यंत जात असेल, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी "नुसती भरून द्या, रूट कॅनल नको" असा आग्रह धरू नये. आत सुजलेली नस वरून झाकण घालून शांत होत नाही, आणि काही दिवसांनी तीच दाढ अधिक जोराने दुखू लागल्यावर भरण्याचा खर्चही वाया जातो.

दोन दातांच्या फटीतली कीड डोळ्यांनी सहसा दिसत नाही. त्यासाठी लहान पट्टी दातांखाली चावून धरून एक्स-रे काढतात. तो काढल्यावर पडद्यावर दाखवायला सांगा. इनॅमल पांढरे दिसते, कीड काळसर सावलीसारखी दिसते आणि ती सावली मधल्या गडद पोकळीपासून, म्हणजे नसेपासून, किती दूर आहे हे सांगितल्यावर कोणालाही कळते. अंतर फारच कमी असेल तर भरण्याच्या तळाशी कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए यांसारख्या नसेचे रक्षण करणाऱ्या पदार्थाचा थर द्यावा लागतो आणि "पुढे कदाचित रूट कॅनल लागेल" असे डॉक्टर आधीच सांगतात. त्यात फसवणूक नसते, उलट तो प्रामाणिकपणा असतो.

चांदी, म्हणजेच ॲमलगम

ज्याला आपण दातात भरलेली चांदी म्हणतो त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूची भुकटी असते. काही प्रकारांत थोडे जस्तही असते. पारा नेहमीच्या तापमानाला द्रव असतो. तो या भुकटीत घोटला की काही मिनिटे ओल्या वाळूसारखा दाबता येणारा गोळा तयार होतो, तो खड्ड्यात ठासून बसवता येतो, त्यावर दाढेचे उंचवटे आणि घळी कोरता येतात आणि मग धातूंची पाऱ्याशी संयुगे होऊन तो घट्ट होत जातो. आम्ही शिकत असताना हे मिश्रण काचेच्या खलात घोटायचो आणि मऊ चामड्याच्या तुकड्यात घेऊन जादा पारा बोटांनी पिळून काढायचो. पिळताना चामड्यातून बाहेर येणारे चकचकीत मणी आणि फरशीच्या सांध्यात जाऊन बसलेले थेंब मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. आज मोजून भरलेली बंद कॅप्सूल यंत्रात हलवून वापरणे हीच योग्य पद्धत आहे. ज्या दवाखान्यात पारा अजून बाटलीतून ओतला जातो, तिथल्या डॉक्टरांच्या आणि मदतनिसांच्या तब्येतीची मला रुग्णापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण रुग्ण तिथे अर्धा तास असतो आणि ते दिवसभर त्याच हवेत श्वास घेतात.

या मिश्रणाने दीडशेहून अधिक वर्षे काम केले आहे. अमेरिकेतील ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांनी १८९०च्या दशकात धातूंचे प्रमाण नीट बसवले, आणि १९६०च्या दशकात तांब्याचे प्रमाण वाढवलेला प्रकार आल्यावर कथील आणि पारा यांचे गंजणारे, कमकुवत संयुग जवळजवळ नाहीसे झाले आणि भरलेल्या चांदीच्या कडा तुटणे कमी झाले. तिचे गुण मान्य करायलाच हवेत. ती चावण्याचा जोर सहन करते, एका बैठकीत भरून होते, स्वस्त असते, आणि भरताना जागा थोडी ओलसर राहिली तरी सफेद मसाल्याइतकी बिघडत नाही. काळाच्या ओघात तिच्या कडेला तयार होणारे गंजाचे कण बारीक फट बुजवतात, हा तर तिचा आगळाच फायदा आहे. दोष असे की ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून आत खाच करावी लागते, पुरेशी जाडी मिळावी म्हणून निरोगी भागही कापावा लागतो, आणि वर्षानुवर्षे चावल्यानंतर अशा दाढेच्या पातळ भिंतींना तडे जातात. साठीच्या पुढची माणसे "शेंगदाणा चावला आणि दाढेचा तुकडाच पडला" असे सांगत येतात, तेव्हा त्या दाढेत पुष्कळदा जुनी, मोठी चांदी असते.

आता पाऱ्याविषयी. घट्ट झालेल्या चांदीतून चावताना आणि दात खाताना पाऱ्याची अत्यल्प वाफ बाहेर पडते, हे खरे आहे. लहान मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ५३४ मुले पाच वर्षे आणि पोर्तुगालच्या लिस्बनमधील ५०७ मुले सात वर्षे तपासली गेली. चांदी भरलेल्या मुलांच्या लघवीत पारा किंचित जास्त आढळला, पण बुद्धी, स्मरणशक्ती आणि मज्जासंस्थेच्या कामात चांदी भरलेल्या आणि सफेद मसाला भरलेल्या मुलांच्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया, लहान मुले (विशेषतः सहा वर्षांखालची), मज्जासंस्थेचा आजार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांना शक्यतो नवी चांदी भरू नये, असे सुचवले. यांपैकी काही तुम्हाला लागू असेल तर खुर्चीत बसण्याआधीच ते सांगा.

पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करार २०१३मध्ये झाला आणि त्याला जपानमधील मिनामाता या शहराचे नाव आहे. त्या नावाने पुष्कळजण घाबरतात. मिनामातात माणसे आजारी पडली ती कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत गेलेल्या मिथिल पाऱ्यामुळे, दात भरल्यामुळे नव्हे. करारात दातांच्या चांदीचा समावेश झाला तो मुख्यतः दवाखान्यांतून आणि स्मशानभूमींतून हवा-पाण्यात जाणारा पारा थांबावा म्हणून. भारताने २०१८मध्ये या कराराला मान्यता दिली. करारातील देशांनी २०२२मध्ये पंधरा वर्षांखालील मुले आणि गरोदर व स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी तिचा वापर टाळण्याचे कलम घातले, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून तिच्या वापरावर मोजके वैद्यकीय अपवाद सोडून बंदी घातली, आणि २०२५च्या अखेरीस जिनिव्हातील बैठकीत २०३४पर्यंत जगभरातून ती हद्दपार करण्याचे ठरले. मी स्वतः आता नवी चांदी भरत नाही. पण कोणी तोंडातली चांगली बसलेली जुनी चांदी केवळ पाऱ्याच्या भीतीने काढायला सांगितली, तर मी त्यांना थांबवतो, कारण काढताना पाऱ्याची वाफ आणि कण काही काळ जास्त उडतात, शिवाय प्रत्येक वेळी थोडा निरोगी दातही कापला जातो.

सफेद मसाला, म्हणजे कॉम्पोझिट

हा राळेसारखा पदार्थ आणि काचेचे अतिसूक्ष्म कण यांचे मिश्रण असते. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५मध्ये फॉस्फरिक आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केले तर राळ त्यात घट्ट पकड घेते हे दाखवले, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला राफेल बोवेन यांनी त्यासाठी योग्य अशी राळ तयार केली. आजचे सगळे सफेद काम या दोन शोधांवर उभे आहे. चिकटत असल्यामुळे इथे फक्त कीड कोरली की पुरते, खाच करावी लागत नाही. दात वाचवण्याच्या दृष्टीने हा फायदा रंगापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि जाहिरातीत मात्र तो क्वचितच सांगितला जातो.

या पदार्थाचा शत्रू म्हणजे ओलावा. आम्ल लावून धुतल्यावर तिथे लाळेचा किंवा हिरडीतल्या रक्ताचा थेंब जरी लागला, तरी पकड सुटते. ते त्या दिवशी कोणालाच कळत नाही, दोन वर्षांनी कडेला तपकिरी रेघ उमटते आणि आत पुन्हा कीड निघते. म्हणून फटीतली किंवा मागची दाढ सफेद मसाल्याने भरायची असेल तर "रबर डॅम लावणार का?" असे अवश्य विचारा. रबर डॅम म्हणजे भोक पाडलेला पातळ रबरी पडदा. त्यातून फक्त तो दात बाहेर राहतो आणि लाळ मागे राहते. सुरुवातीची पाच मिनिटे गुदमरल्यासारखे वाटते, मग नाकाने श्वास घेण्याची सवय होते. तो लावणे शक्य नसेल तर कापसाच्या सुरळ्या आणि सतत चालणारी सक्शन नळी तरी असायलाच हवी.

दाताच्या रंगाशी जुळणी काम सुरू होण्यापूर्वी, दात ओला असतानाच करायला हवी, कारण सुकलेला दात फिका दिसतो आणि त्याच्याशी जुळवलेला मसाला दुसऱ्या दिवशी पांढराफटक वाटतो. मसाला सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरतात. घट्ट होताना तो किंचित आकसतो, म्हणून थर लावण्याची ही चिकाटी लागते (एकदम जाड थराने भरता येणारे प्रकारही आता आले आहेत). त्या प्रकाशाकडे पाहू नका. नारिंगी पडदा धरतात तो डोळ्यांसाठीच. दात पांढरे करून घेण्याचा विचार असेल तर ते आधी करावे आणि मग एक-दोन आठवडे थांबून भरावे, कारण मसाल्याचा रंग ब्लीचने बदलत नाही आणि ब्लीचनंतर लगेच पकडही नीट बसत नाही. आपल्या स्वयंपाकातली हळद, दिवसातून चार वेळचा चहा आणि तंबाखू यांनी समोरच्या दातांवरचा मसाला कालांतराने पिवळट होतो. पृष्ठभाग घासून चकचकीत केला की तो पुष्कळसा उजळतो, त्यासाठी पुन्हा भरण्याची गरज नसते.

सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर

ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनमधील सरकारी रसायनशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेले हे सिमेंट मला फार जवळचे वाटते. फ्लुओराइड असलेल्या विशिष्ट काचेची भुकटी आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल एकत्र कालवले की ते घट्ट होते, दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे फ्लुओराइड सोडत राहते. फ्लुओराइडच्या पेस्टने दात घासले की ते पुन्हा काही प्रमाणात भरूनही निघते. चावण्याच्या जोरापुढे ते झिजते, म्हणून मोठ्या माणसाच्या दाढेच्या माथ्यावर ते कायमचे भरू नये.

पण हिरडीलगतच्या खड्ड्यांना त्याच्यासारखे दुसरे नाही. आपल्याकडे मिशरीने वर्षानुवर्षे दात घासलेल्या आजींची हिरडी मागे सरकलेली असते, उघड्या पडलेल्या मुळाशी वाटीसारखी खाच पडलेली असते, तिथे सतत ओल असते आणि आजींना फार वेळ तोंड उघडून बसवत नाही. एका शिबिरात शाळेच्या बाकावर झोपवून, वीज नसताना, फक्त हाताच्या अवजारांनी कीड खरवडून मी अशा एका आजींच्या तीन दातांत हे सिमेंट भरले होते. त्यांनी उठून पाण्याची चूळ भरली, "शिवशिव गेली रं बाबा" एवढे म्हणाल्या आणि पिशवी घेऊन चालू लागल्या. हाताच्या अवजारांनी काम करून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात सुरू झाली; यंत्रे नसलेल्या खेड्यांसाठी आणि ड्रिलच्या आवाजाने रडणाऱ्या मुलांसाठी ती फार उपयोगी आहे. मुलांच्या दुधाच्या दाढांसाठीही हाच पदार्थ बहुधा योग्य ठरतो. सिमेंट पहिल्या दिवशी पाण्याला आणि कोरडेपणाला, दोन्हींना नाजूक असते, म्हणून वरून व्हॅसलीन किंवा वॉर्निश लावतात. ते बोटाने पुसू नका.

तात्पुरते भरणे आणि इतर

झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे लवंगेच्या वासाचे सिमेंट हे काही आठवड्यांपुरते असते. दुखायचे थांबले म्हणून ते तसेच ठेवून पुढची भेट चुकवणे ही मला सर्वांत जास्त दिसलेली चूक आहे, कारण झिजलेल्या कडेतून लाळ आत शिरते आणि भरण्याने सुटणारी दाढ रूट कॅनलपर्यंत जाते. घरी ठणका थांबवण्यासाठी लवंग तेल वापरले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. युजेनॉल सफेद मसाला घट्ट होण्यात अडथळा आणते, आणि हिरडीवर वारंवार लागले तर ती भाजते. दाढेचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल, तर कोणताच मसाला भरत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेत बनवलेले सिरॅमिकचे आच्छादन किंवा कॅप घेणे शहाणपणाचे. खर्च जास्त येतो, पण दाढ दुभंगण्यापासून वाचते.

खुर्चीत बसल्यावर आणि नंतर

भरून झाल्यावर दातांमध्ये निळा कागद ठेवून चावायला सांगतात. नुसते टकटक न करता दात डावी-उजवीकडे घासून बघा, जणू भाकरीचा घास चघळता आहात. जबडा बधिर असल्यामुळे उंचवटा जाणवत नाही, म्हणून "ठीक आहे" म्हणायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी चावताना तीच दाढ आधी टेकत असेल तर परत जा. ती घासून बसवायला पाच मिनिटे लागतात आणि तसेच सोडले तर दाढ कित्येक आठवडे दुखत राहते. फटीतली दाढ भरली असेल तर दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, तपासून घ्या. दोरा टक असा आवाज करून आत गेला पाहिजे आणि न फाटता बाहेर आला पाहिजे. सैल गेला तर जेवताना तिथे दर वेळी अन्न अडकणार, आणि अडकून फाटला तर कडा खरखरीत राहिली आहे.

बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन-तीन तास, काही चावून खाऊ नका. विशेषतः मुले गंमत वाटून ओठ चावतात आणि संध्याकाळी तो सुजलेला असतो. सफेद मसाला लगेच घट्ट होतो, म्हणून बधिरपणा गेला की जेवायला हरकत नाही. चांदी आणि सिमेंट यांना मात्र पूर्ण ताकद यायला दिवस लागतो, म्हणून चोवीस तास दुसऱ्या बाजूने चावावे. थंड-गरम थोडे शिवशिवणे दोन-तीन आठवडे चालू शकते आणि हळूहळू कमी होते. ते वाढत गेले, किंवा रात्रीचा ठणका सुरू झाला, तर वाट पाहू नका.

जुनी चांदी तुटली किंवा तिच्या कडेला कीड लागली, तर ती काढावीच लागते. त्या वेळी रबर डॅम, भरपूर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन असावे, आणि चांदी भुकटी करून न काढता मधोमध कापून तुकड्यांत उचलावी. गरोदरपणात, तातडीचे कारण नसेल तर, हे काम बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजणे थांबल्यावर करावे. काढलेले तुकडे जाळण्याच्या कचऱ्यात गेले तर पारा हवेत जातो, म्हणून ते घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवतात. तुमच्या डॉक्टरांकडे तसा डबा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि निघताना कोणत्या दातात, कोणत्या तारखेला, कोणता पदार्थ भरला आणि तळाशी कोणता थर दिला हे कागदावर लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसरे डॉक्टर तीच दाढ उघडतील तेव्हा आत काय आहे हे त्यांना त्या कागदावरूनच कळणार आहे.